मागून आलेली सायकल, पुढे जाऊन वळलेली गाडी

डिसेंबर २०२४. पहाटेचे पावणेसहा. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे रस्त्यावर होता तो खांबांवरच्या दिव्यांचाच उजेड. बावन्न वर्षांचे एक वॉचमन सहाची ड्यूटी गाठायला सायकलवरून निघालेले. हँडलला डब्याची पिशवी, अंगात स्वेटर, कानाला मफलर. रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चाललेले. मागून एक कार आली, त्यांच्या उजवीकडून पुढे गेली आणि चौकात डावीकडच्या गल्लीत वळली. सायकल तिच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आदळली. काका पडले, डावी नडगी मोडली.

गाडीवाला पळाला नाही. त्यानेच काकांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे. कलम त्याला ठाऊक नव्हतं, पण वागला तसंच. नंतर सगळीकडे तो एकच वाक्य सांगत राहिला: "मला ते दिसलेच नाहीत." हे प्रकरण या एका वाक्याभोवती वर्षभर फिरलं.

मी काकांच्या बाजूने दावा चालवला. नाव, चौक, विमा कंपनी सांगणार नाही. वाद समजायला त्याची गरजही नाही.

पहिल्या दिवशी मला दोन ठाम मतं ऐकायला मिळाली. काकांचा भाचा म्हणाला, "मॅडम, मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरतात ना? मग काय अवघड आहे?" आणि त्याच दुपारी कोर्टाच्या कँटीनमध्ये एक सहकारी म्हणाले, "सायकलला कायदाच नाही हो. लायसन नाही, नंबर नाही, विमा नाही. म्हणून तर मध्ये मध्ये येतात." दोन्ही मतं मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दोन्ही चूक आहेत. दुसरं थोडं कमी चूक आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

मोटार वाहन कायदा, १९८८ हा नावाप्रमाणे मोटार वाहनांचा कायदा आहे. माणसाच्या पायांवर चालणारी सायकल त्याच्या व्याख्येत बसत नाही. वाहतुकीच्या खुणा पाळायला सांगणारं कलम ११९ 'मोटार वाहनाच्या चालका'ला उद्देशून आहे. धोकादायक वाहन चालवण्याचं कलम १८४, ज्यात २०१९ च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरणंही आलं, तेही मोटार वाहनापुरतंच. हेल्मेटचं कलम १२९ मोटारसायकलवरच्यांसाठी आहे. बॅटरीवरच्या गाड्यांचीही गंमत अशी, की २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी गाडी नियमांतल्या अटींत बसली तर मोटार वाहन धरत नाहीत, मग तिचा मालक कितीही स्कूटरवाल्याच्या ऐटीत बसलेला असो.

पण म्हणून सायकलवाला मोकळा सुटत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली 'वाहना'ची व्याख्या एकदा जरूर वाचावी. गाडा, हातगाडी यांच्याबरोबर तिथे सायकल आहे, तीनचाकी सायकल आहे, आणि पुढे जहाज आणि विमानही आहे. याच अधिनियमाच्या कलम ३३ खाली रस्त्यावर चालणाऱ्या, वाहन हाकणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, गुरं नेणाऱ्या सगळ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिलेला आहे. वाहनावर दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळात हवेत, हेही त्यात येतं. डावीकडून चालण्याचा नियम मोडणं हा त्याच अधिनियमात वेगळा गुन्हा आहे. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २७९, हयगयीने 'कोणतेही वाहन' चालवणाऱ्याला लागू होतं. त्यात मोटार हा शब्दच नाही.

जुन्या पुणेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. सायकलींचं शहर होतं तेव्हा नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारी, आणि रात्री दिवा नसला तर कोपऱ्यावर उभा असलेला हवालदार चाकातली हवा सोडून मोकळा होई. माझे वडील डायनॅमो बिघडला की बॅटरी हातात धरून सायकल चालवत, का तर 'दिवा आहे' म्हणता यावं. तो धाक पुढे स्कूटर आल्यावर विरला. कायदा मात्र रद्द कुणी केला नाही.

आता भाच्याचं मत. मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरायची, असा नियम न्यायाधिकरणात नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज केला की निष्काळजीपणा कोणाचा हे अर्जदारानेच दाखवावं लागतं. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढंच तोलतात. पण तोलतात नक्की, आणि अर्जदाराच्या पारड्यातही चूक टाकतात. त्याची चूक पंचवीस टक्के ठरली तर भरपाईतून पंचवीस टक्के कापले जातात.

विमा कंपनीच्या कैफियतीत काकांच्या चार चुका मांडलेल्या होत्या. सायकलला मागे दिवा नव्हता. रस्त्यावर सायकल ट्रॅक असताना काका मुख्य रस्त्यावरून चालले होते. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आणि सर्वांत जड मुद्दा: सायकलच गाडीवर आदळली. कंपनीचं म्हणणं, निदान चाळीस टक्के जबाबदारी काकांची.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण खरी लढाई तिथेच झाली.

घटनास्थळ पंचनाम्यात लिहिलं होतं: सायकलचं पुढचं चाक पिळलेलं, फोर्क मागे वाकलेला, मागचं चाक आणि मडगार्ड शाबूत. गाडीच्या डाव्या मागच्या दारावर जमिनीपासून साधारण दोन फुटांवर चेपलेला भाग आणि काळ्या रबराचा डाग. कोणीही हे वाचलं तर काय म्हणेल? मागून सायकल आली आणि गाडीला धडकली. तपास करणाऱ्या हवालदारांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. "मॅडम, मार तर सायकलच्या पुढे आहे," ते मला म्हणाले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण गाडी पुढे जाऊन समोर आडवी वळते तेव्हा मार असाच लागतो. सायकल सरळ चाललेली असते, गाडी तिला ओलांडून तिच्या वाटेत शिरते, आणि सायकलस्वाराला समोर रस्त्याऐवजी दार दिसतं. गाडीला मार बाजूने बसतो, सायकलला समोरून. कागदावर सायकलवाला धडकणारा दिसतो. म्हणून अशा प्रकरणात कोण कोणाला लागलं हे विचारून भागत नाही, आधीच्या चार-पाच सेकंदांत कोण कुठे होतं हे शोधावं लागतं.

ते सेकंद एका औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात होते. दुकान चौकाच्या चाळीसेक मीटर अलीकडे. भाच्याने तिसऱ्याच दिवशी जाऊन दुकानदाराला विनंती केली आणि पोलिसांनी ते फुटेज रीतसर ताब्यात घेतलं. आठवडा गेला असता तर त्यावर नवं चित्रण चढलं असतं. फुटेज धूसर होतं, पण त्यात तीन गोष्टी दिसत होत्या. सायकल डाव्या कडेला, सरळ. तिच्यामागून दिव्यांचा झोत येतो आणि सायकलची लांबच लांब सावली पुढे रस्त्यावर पडते. मग गाडी तिच्या उजवीकडून पुढे जाते, इंडिकेटर बंद.

ती सावली मी न्यायाधिकरणापुढे दोनदा थांबवून दाखवली. गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात सायकल पूर्ण उजळलेली होती. चालकाने तिला ओलांडलं, म्हणजे ती त्याला दिसली होती, निदान दिसायला हवी होती. तो डावीकडे झुकण्याऐवजी किंचित उजवीकडे सरकून पुढे गेलाय, सायकलला जागा देऊन. तिथून चौकापर्यंत काही सेकंदांत तो तिला विसरला.

मागच्या दिव्याचा मुद्दा इथेच संपतो. दिवा कशासाठी? मागच्याला दिसावं म्हणून. मागचा तुम्हाला बघून पुढे निघून गेला असेल, तर दिवा नसण्याचा आणि धडकेचा संबंध काय? नियम मोडला हे कबूल. पण नियम मोडला म्हणजे अपघाताला हातभार लावला, असं आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये हेच सांगितलं: तिघे बसणं बेकायदा आहे, पण त्यामुळे अपघात झाला किंवा त्याचा परिणाम वाढला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. २००८ मध्ये लायसन नसलेल्या चालकाच्या बाबतीतही हाच विचार होता. सायकलचा दिवा त्याच रांगेत बसतो. हाच अपघात मागून धडक बसून झाला असता, तर मात्र माझी बाजू लंगडी पडली असती, आणि मी काकांना तसं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

हेल्मेट दोन वाक्यांत. सायकलस्वाराला ते कायद्याने सक्तीचं नाही, आणि मोडली होती नडगी.

ट्रॅकचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पालिकेने पैसे खर्चून वेगळी वाट दिली, तुम्ही ती सोडून गाड्यांत शिरलात. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, शहरात ट्रॅक आहेत, हे सगळं खरं. पण या ट्रॅकवर त्या दिवशी काय होतं ते पंचनाम्यातच एका ओळीत आलेलं: 'सायकल मार्गावर दुचाकी वाहने उभी'. पुढे महावितरणची डीपी, तिला वळसा घालायला जागा नाही, आणि चौकाच्या वीस पावलं अलीकडे ट्रॅक फूटपाथच्या कडेला जाऊन नुसता संपतो. उतार नाही, खूण नाही. सायकल उचलून खाली ठेवायची. शिवाय ट्रॅक वापरणं सक्तीचं करायचं तर त्याचा गोल निळा फलक असतो. तो तिथे नव्हता.

उलट बाजूचा नियम मात्र लिखित आहे. सायकलसाठी राखलेल्या वाटेवर मोटार वाहन नेऊ नये, हे १९८९ च्या रस्त्यांच्या नियमांत होतं आणि २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही आहे. म्हणजे ट्रॅकवर उभ्या दुचाकी नियम मोडत होत्या, आणि त्यांच्यामुळे मुख्य रस्त्यावर आलेल्या माणसाला कंपनी विचारत होती, तू ट्रॅक का सोडलास? त्या दुचाकींचे मालक या दाव्यात कुठेच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायची वाट कागदावर आहे. प्रत्यक्षात तेवढ्यासाठी कोणी शोधत बसत नाही, मीही बसले नाही.

चालकाच्या बाजूने मांडण्यासारखं काही होतं का? होतं. सिग्नल पिवळा लुकलुकत होता, म्हणजे कोणालाच थांबण्याची सक्ती नव्हती. वेगही फार नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता, त्याला टाळण्याच्या नादात त्याने नजर पुढे ठेवली. उलटतपासणीत मी त्याला फार छळलं नाही. एवढंच विचारलं: वळण्याआधी डावा आरसा बघितला का? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आठवत नाही." खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. २०१७ च्या विनियमांनुसार वळण्याआधी इशारा द्यायचा, मागून येणाऱ्यांची खात्री करायची, डावीकडे वळताना डाव्या कडेला राहायचं. आणि पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं, अपंग यांची विशेष काळजी घ्यायची. शेवटची अपेक्षा अर्थातच मोघम आहे. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक दाव्यात 'विशेष' म्हणजे किती, ते नव्याने भांडावं लागतं.

मग आला ब्रेक.

पंचनाम्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीत 'सायकलच्या मागील ब्रेकची रबरे झिजलेली' असं होतं. कंपनीच्या कैफियतीत हा मुद्दा नव्हता. त्यांच्या वकिलांच्या नजरेत तो उशिरा आला, पण आला. काकांच्या उलटतपासणीत त्यांनी विचारलं, गाडी वळताना दिसल्यावर ब्रेक दाबला का? काका म्हणाले, "दाबला की साहेब. पुढचा दाबला. मागचा लागत नव्हता, महिनाभर झाला." मी खाली मान घालून कागद चाळत बसले. खरं बोलणाऱ्या पक्षकाराचं हेच असतं.

इथे चूक आणि धडक यांच्यात दोरा सापडतो. दिव्याने काही बदललं नसतं. दोन्ही ब्रेक लागते तर कदाचित वेग कमी झाला असता, कदाचित दाराऐवजी मागच्या चाकाजवळून निसटले असते. 'कदाचित'ला न्यायाधिकरणात किंमत असते, थोडी, पण असते. त्या संध्याकाळी मी काकांना सांगितलं, दहा टक्के जातील. ते म्हणाले, "जाऊ द्या. ब्रेक माझाच होता."

आता हिशेब. काकांचा पगार १४,००० रुपये. स्थिर पगार आणि वय पन्नास ते साठ, म्हणून भविष्यातल्या वाढीचे दहा टक्के धरून १५,४००. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेल्या तक्त्यात ५१ ते ५५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, ११. नडगीत सळई टाकली, पाय थोडा आखडला. डॉक्टरांनी त्या पायाचं अपंगत्व १८ टक्के लिहिलं. पण पायाचं १८ टक्के म्हणजे कमाईचं १८ टक्के नव्हे. वॉचमनला फेऱ्या माराव्या लागतात, जिने चढावे लागतात, त्या हिशेबाने कमाईतली घट १० टक्के धरली: २,०३,२८० रुपये. पाच महिने घरी बसल्याचे ७०,०००. दवाखान्याची बिलं ९६,४००. वेदना आणि त्रासाबद्दल ५०,०००. सोबतीचा माणूस, खुराक, रिक्षा मिळून २५,०००. एकूण ४,४४,६८०.

कंपनीचे चाळीस टक्के कापले तर उरतात २,६६,८०८. हा आकडा बघून मी थबकले होते. कारण एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे कंपनीचं म्हणणं मान्य केलं असतं, तर सावली, आरसा, उलटतपासणी, वर्षभराच्या तारखा या सगळ्याची किंमत पावणेसतरा हजार झाली असती. अनेक सायकलस्वार आणि त्यांचे वकील अडीच लाखांवर समाधान मानतात ते उगाच नाही. अर्ज सहा महिन्यांत करायची अटही तेव्हापासून परत आलेली आहे, आणि पाय प्लास्टरमध्ये असताना सहा महिने फार नसतात.

लोकअदालतीत पॅनेलसमोर कंपनीचे अधिकारी तीन लाखांपासून सुरू झाले. मी फुटेजचा तो एक फोटो मोठा छापून नेला होता, सायकल आणि पुढे पसरलेली सावली. आणि ब्रेकचं मी स्वतःच आधी बोलून टाकलं. दहा टक्के आमचे, बाकीचं तुमचं. चहा झाला, फोन झाले, अधिकारी दोनदा बाहेर जाऊन आले. चार लाखांवर मिटलं. व्याज आम्ही सोडलं.

एक प्रश्न मला त्या दिवशी पॅनेलवरच्या तरुण वकिलाने विचारला: हेच काका ट्रॅक मोकळा मिळाला असता आणि तिथे चालणाऱ्या एखाद्या आजींवर आदळले असते तर? तर न्यायाधिकरण हात लावणार नाही, कारण अपघातात मोटार वाहनच नाही. आजींना साधा दिवाणी दावा करावा लागेल, कोर्ट फी भरून. विमा कंपनी नाही, त्यामुळे डिक्री झाली तरी वसुली चौदा हजारांच्या पगारातून. फौजदारीत मात्र कलम २८१ काकांनाही तितकंच लागेल, आणि त्या झिजलेल्या ब्रेकचं वजन दहा टक्क्यांहून खूप जास्त भरेल.

सायकल अकरा महिने पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी होती, चिठ्ठी बांधलेली. सुपूर्दनाम्यावर सोडवली तेव्हा साखळी गंजून एकसंध झालेली. दुकानदाराने भंगारात घालायचा सल्ला दिला, काकांनी पुढचं चाक बदलून घेतलं आणि चारही ब्रेक रबरं.

गाडीवाल्याचा परवा फोन आला होता. भरपाई मिटली, काकांची काही तक्रार नाही, ते लिहूनही द्यायला तयार आहेत, मग त्याच्यावरचा फौजदारी खटला का चालू आहे? मी त्याची वकील नाही, तरी सांगितलं: दुखापतीच्या कलमात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते, २८१ मध्ये होत नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या हयगयीत समोरचा पक्ष सरकार असतं, काका नुसते साक्षीदार. तो म्हणाला, मागच्या तारखेला काका त्याला कोर्टाच्या फाटकात भेटले होते, लंगडत. दोघांनी मिळून कोर्ट रूम शोधली, आणि न्यायाधीश रजेवर होते.